रंगमंचावरचं मूल सांभाळताना: नव्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

मुलांच्या नाटकाच्या आणि नृत्याच्या तालमींमध्ये मदतनीस म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्यातली एक संध्याकाळ मनातून जात नाही. अकरा वर्षांच्या एका मुलीचा पाय प्रयोगाच्या ऐन मध्यावर मुरगळला. पुढची सात-आठ मिनिटं ती हसऱ्या चेहऱ्याने नाचली, शेवटी प्रेक्षकांना वाकून अभिवादन केलं आणि विंगेत येऊन खाली बसली. आम्ही सगळ्यांनी तिची पाठ थोपटली, मीसुद्धा. त्यानंतर दोन आठवडे ती रोज तालमीला येत होती. विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. मग एके रात्री ती मोजे काढत असताना तिच्या आईला सुजलेला, काळानिळा घोटा दिसला.

काही झालं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. रंगमंचावर ते लागतंच. पण ही सवय पोशाखासारखी ग्रीनरूममध्ये उतरवून ठेवता येत नाही, मूल ती घरी घेऊन जातं. म्हणून या मुलांच्या बाबतीत "त्रास झाला तर सांगेलच की" हा हिशेब चुकतो. त्रास न दाखवण्यात ती इतर मुलांपेक्षा तरबेज झालेली असतात. त्यांनी तक्रार केली नाही तरी आपल्याला कळेल, अशी व्यवस्था मोठ्यांनी करायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. तुमचं मूल गाण्याच्या, नाचाच्या, वाद्याच्या किंवा अभिनयाच्या वर्गाला नुकतंच जायला लागलं असेल, किंवा तुम्ही स्वतः नव्याने शिकवायला लागला असाल, तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.

पायरी १: आठवडा कागदावर मांडा

एका मोठ्या कागदावर सात दिवसांचे चोवीस तास आखा. सगळ्यात आधी झोप भरा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. मग शाळा, अभ्यास, वर्ग, तालीम, घरचा रियाज आणि प्रवास. प्रवास विसरू नका, तो दमवतो. बहुतेक घरांत झोप शेवटी भरली जाते, म्हणजे उरलेल्या जागेत. तिथेच गणित बिघडतं.

१९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रियाजाच्या तासांबद्दल तो जगभर सांगितला गेला. "दहा हजार तास" हा आकडा त्यातूनच पुढे लोकांच्या तोंडी बसला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: जे विद्यार्थी वादनात सरस होते ते इतरांपेक्षा जास्त झोपत होते आणि दुपारीही डुलकी काढत होते. पालकांशी बोलताना मी दर वेळी हे सांगते, कारण तासांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि झोपेचं कोणी ऐकलेलं नसतं.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी वर्ग नाही, रियाज नाही, "फक्त अर्धा तास" सुद्धा नाही. मूल दोन ठिकाणी शिकत असेल, तर हा कागद दोन्ही शिक्षकांना दाखवा. दोघेही आपापल्या जागी योग्य तेवढंच काम देत असतात, पण बेरीज फक्त मुलाच्या अंगावर होते. प्रयोग जवळ आला की तासांत अचानक होणारी वाढही याच कागदावर दिसेल. आठवड्याला सहा तासांवरून एकदम पंधरा तास झाले, की दुखापतींचा हंगाम सुरू झाला असं समजा. शेवटच्या आठवड्यात सगळं कोंबण्यापेक्षा महिनाभर आधीपासून थोडं थोडं वाढवत न्यावं.

पायरी २: उंची मोजा

दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीवर, अनवाणी उभं करून उंचीची खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. ही खूण कौतुकासाठी तर आहेच, पण नृत्य करणाऱ्या मुलांसाठी ती इशाराही आहे.

मुलींची उंची सर्वसाधारणपणे अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. मागेपुढे बरंच होतं. या काळात हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. त्यामुळे कालपर्यंत सहज वाकणारं मूल अचानक आखडल्यासारखं होतं, गिरक्यांचा तोल जातो, उडी जड पडते. हाडांच्या टोकाशी वाढीचा जो भाग असतो तो अजून मऊ असतो आणि तिथे स्नायूंची सतत ओढ बसली की गुडघ्याच्या खाली किंवा टाचेला दुखू लागतं. गुडघ्याखालच्या हाडावर टेंगूळ येऊन ते दाबल्यावर दुखत असेल, तर मूल कामचुकारपणा करतंय असं मानू नका. वाढीच्या वयातली ती ओळखीची तक्रार आहे. डॉक्टरांना दाखवून उड्या कमी केल्या की बहुतेकदा ती शमते.

खुणांमधलं अंतर वाढलेलं दिसलं की शिक्षकांना सांगा: पुढचे काही महिने उड्या आणि जमिनीवर आपटणारं काम कमी, तोल आणि ताकदीचं काम जास्त. मुलाचे पाय ताणण्यासाठी कोणी त्याच्या अंगावर भार देऊन दाबत असेल, तर ते तिथेच थांबवा. बॅलेमध्ये बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे बूट मिळण्याची मुली आतुरतेने वाट पाहतात. त्यासाठी वाढदिवस हा निकष धरू नये. घोट्याची आणि पाठीपोटाची ताकद तपासूनच ते द्यायचे असतात, आणि अकरा-बाराच्या आधी सहसा देत नाहीत.

मुलाला हे सगळं समजावून सांगा. या काळात कितीतरी मुलं "मला जमत नाही, माझ्यात काही नाहीच" असं मनाशी ठरवून टाकतात. शरीर बदलतंय म्हणून जमत नाही, आणि काही महिन्यांत पुन्हा जमेल, एवढं कळलं तरी त्यांच्या डोळ्यांत फरक दिसतो.

पायरी ३: दुखण्याबद्दल बोलायला शिकवा

"दुखतंय का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं, कारण "हो" म्हटलं तर भूमिका जाईल अशी भीती असते. म्हणून प्रश्न बदला. आज शरीराचा कोणता भाग सगळ्यात जास्त थकला? शून्य ते दहामध्ये किती? सकाळी उठल्यावर होतं का? डावीकडे आणि उजवीकडे सारखंच वाटतं का? हे रोज रात्री, दुखत असो वा नसो, दोन मिनिटांत विचारायचं आणि वहीत लिहायचं. रोजचा नेम असला की उत्तर देणं म्हणजे तक्रार करणं वाटत नाही.

मेहनतीनंतर दोन्ही बाजूंचे स्नायू सारखेच ठणकणं आणि एक-दोन दिवसांत ते ओसरणं, हे चालतं. पुढची लक्षणं मात्र थांबण्याची आहेत: एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, सूज, मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, आणि दुखू नये म्हणून मूल नकळत वेगळ्या पद्धतीने चालायला किंवा वाद्य धरायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर, मग तालीम. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला रंगमंचावर पाठवू नका. गोळी दुखापत बरी करत नाही, ती सांगणारा आवाज तेवढा बंद करते.

वाद्य शिकणाऱ्या मुलांसाठी नियम सोपा आहे. पंचवीस-तीस मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं वाद्य खाली, उठून चालायचं, खांदे सैल करायचे. गजर लावा, कारण मन रमलं की वेळ कळत नाही. वाद्य मुलाच्या मापाचं हवं. व्हायोलिन, गिटार यांचे लहान आकार मिळतात आणि "मोठं झाल्यावर उपयोगी पडेल" म्हणून मोठं वाद्य देण्यात बचत होत नाही. रॉबर्ट शूमानला तरुणपणी उजव्या हाताच्या त्रासामुळे पियानोवादक होण्याचं स्वप्न सोडावं लागलं. तो संगीतकार म्हणून अजरामर झाला, पण प्रत्येक मुलाला असा दुसरा रस्ता सापडतोच असं नाही.

पायरी ४: आवाज आणि कान

गाणाऱ्या आणि नाटकात काम करणाऱ्या मुलांचा आवाज मैदानावरही तितकाच वापरला जातो, हे मोठे विसरतात. दोन तास तालीम, त्याआधी मधल्या सुट्टीत आरडाओरडा, रात्री फोनवर गप्पा. घसा तोच. दिवसभर थोडं थोडं पाणी, गाण्याआधी दहा मिनिटं हलके स्वर, सारखं घसा खाकरण्याची सवय मोडणं, यांनी बरंच साधतं. घसा बसला की कुजबुजत बोलायला लावू नका. कुजबुजण्यानेही ताण येतो. पूर्ण गप्प बसणं बरं. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. स्वरतंतूंवर ओरडून आलेल्या गाठी मुलांमध्ये बहुतेकदा आवाजाच्या व्यायामांनीच बऱ्या होतात, फक्त वेळेवर कळायला हव्यात.

आवाज फुटण्याचं वय मुलग्यांसाठी फार नाजूक. स्वरयंत्र वाढतं, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो आणि मधल्या काळात कधी कोणता स्वर निघेल याचा भरवसा राहत नाही. मुलींचाही आवाज बदलतो, दोन-तीन स्वरांनी उतरतो, कधी त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, पण त्यांच्याकडे कोणी लक्षच देत नाही. या काळात गाणं पूर्ण बंद करण्याची गरज नसते. जेवढे स्वर सहज लागतात तेवढ्यातच गायचं, पट्टी बदलायची, जुन्या उंच जागा खेचून गाठायच्या नाहीत. कार्यक्रम आधीच ठरलेला असेल तर रचना बदला. चार लोकांसमोर आवाज चिरकला आणि हशा पिकला, तर ती जखम वर्षानुवर्षं राहते. म्हणून तो प्रसंग येऊ न देणं हे शिक्षकाचं काम.

कानांबद्दल थोडक्यात. प्रौढ कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मुलांसाठी त्याहून कमीच धरा. ढोल, ड्रम, पितळी वाद्यं आणि स्पीकरच्या जवळ बसणाऱ्या मुलांना वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे द्या. ते आवाज कमी करतात, पण सूर बिघडवत नाहीत. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

पायरी ५: शरीराबद्दल जपून बोला

वर्गात वजनकाटा नको. "जरा बारीक झालीस तर पोशाख छान बसेल" हे वाक्य कोणाच्याही तोंडून येऊ नये. पोशाख मुलाच्या मापाने शिवतात, मुलाला पोशाखाच्या मापात बसवत नाहीत. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं: हाडं ठिसूळ होतात, वाढ रेंगाळते, दुखापती भरत नाहीत, मुलींची पाळी थांबते. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. नर्तकांना ती तितकीच लागू आहे, आणि मुलग्यांनाही होते. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर "नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे ऐकून घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. मूल एकटं जेवायला लागलं, जेवणाच्या वेळा टाळायला लागलं, खाल्ल्यावर लगेच न्हाणीघरात जायला लागलं, तर रागावू नका आणि उशीरही करू नका.

पायरी ६: शिक्षक आणि संस्था पारखून घ्या

नाव किती मोठं, बक्षिसं किती, हे सगळे विचारतात. मी आणखी काही विचारायला सांगते. पालकांना वर्ग बघता येतो का? एकास-एक शिकवणी असेल तर दार उघडं किंवा काचेचं असतं का? मुलाच्या हाताला, कमरेला धरून मुद्रा सुधारायची असेल तर आधी विचारतात का, आणि मूल "नको" म्हणालं तर? मुलांना थेट, पालकांना वगळून फोनवर निरोप पाठवतात का? कपडे बदलायला मुलांसाठी वेगळी जागा आहे का, तिथे फोन बंद असतात का? बाहेरगावी प्रयोग असेल तर कोणासोबत झोपायची सोय आहे? तक्रार करायची तर शिक्षकाशिवाय दुसरं कोण?

या प्रश्नांवर चांगली माणसं रागावत नाहीत. उलट त्यांची उत्तरं तयार असतात. "इथे असले प्रश्न कोणी विचारत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरा वर्ग शोधा, मग तो कितीही नावाजलेला असो. कलेत शिक्षकावर श्रद्धा असते, असावी. पण "हे आपल्या दोघांतच ठेव" असं कोणताही मोठा माणूस म्हणाला तर ती गोष्ट लगेच घरी सांगायची, आणि सांगितल्यावर घरी कोणी ओरडणार नाही, एवढं मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत हवं. मूल काही सांगू लागलं तर उलटतपासणी करू नका. ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. संस्थेची बदनामी होईल म्हणून घरातल्या घरात मिटवलेली गोष्ट पुढच्या मुलाच्या वाट्याला जाते.

पायरी ७: प्रयोगाचा दिवस

हात थंड पडणं, पोटात गोळा येणं, दहा वेळा लघवीला जावंसं वाटणं हे सगळं स्वाभाविक आहे. पाब्लो कासाल्ससारख्या चेलोवादकाला आयुष्यभर मंचाची भीती वाटत राहिली. म्हणून "घाबरू नकोस" म्हणण्यात अर्थ नाही. मूल घाबरलेलंच असतं, वर आता घाबरल्याबद्दल अपराधीही वाटतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गाण्याआधी "मी शांत आहे" किंवा "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणारे बरे गायले. कारण छाती दोन्हीत सारखीच धडधडते, फक्त तिला दिलेलं नाव बदलतं. मुलांना हे पटतं, लहान मुलांना तर लगेच. त्यासोबत श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यायला शिकवा.

भीतीवरचा खरा उपाय आधीच्या आठवड्यातला आहे. चुकल्यावर पुढे कसं जायचं, याची तालीम घ्या. मुद्दाम मध्येच थांबवा, वाक्य विसरायला लावा, ताल सोडायला लावा आणि पुन्हा सम गाठायला लावा. पोशाख आणि बूट घालून किमान दोनदा पूर्ण प्रयोग करा. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या कुणा ओळखीच्याने सुचवल्या म्हणून मुलाला देऊ नका. दम्याच्या मुलांना त्या धोक्याच्या ठरू शकतात.

पायरी ८: पडदा पडल्यावरचा पहिला तास

या तासात सुधारणा सांगायच्या नाहीत. गाडीत बसल्याबसल्या "ते तिसऱ्या कडव्यात काय झालं?" विचारलं, की पुढच्या प्रयोगाला मूल प्रेक्षकांसाठी गात नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघून गातं. आधी पाणी, खाणं, कोरडे कपडे. मग "मजा कुठे आली?" एवढंच. चुका शिक्षकांनी दोन दिवसांनी बघाव्यात.

कौतुकही विचारपूर्वक करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. "हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढचं कोडं अवघड निघाल्यावर लवकर खचली, "मेहनत केलीस" ऐकलेली मुलं झटत राहिली. "तू जन्मजात कलाकार आहेस" हे ऐकायला गोड आहे, पण पहिल्या अपयशाला त्याचा अर्थ "मग मी कलाकार नव्हतोच" असा निघतो. त्यापेक्षा "त्या शांत जागेत तू घाई केली नाहीस" हे सांगा. यातून मुलाला कळतं की तुम्ही खरंच बघत होता.

मोठा प्रयोग संपल्यावर दोन-चार दिवस मूल उदास, चिडचिडं होणंही साहजिक आहे. महिनोन्‌महिने ज्यांच्यासोबत राहिलं ती सगळी मुलं एका रात्रीत पांगतात. पुन्हा एकदा सगळ्यांना भेटवा. मात्र उदासी दोन आठवड्यांपुढे गेली, झोप आणि भूक बिघडली, किंवा मूल जगण्याबद्दलच नकोसं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या.

चित्रफीत इंटरनेटवर टाकायची असेल तर मुलाला विचारून. त्याखालच्या प्रतिक्रिया मोठ्यांनी वाचाव्यात.

पायरी ९: मानधन मिळालं तर

जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला जगप्रसिद्ध बालकलाकार. सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की त्याची बहुतेक कमाई घरच्यांनी खर्च केली आहे. त्याने १९३८ साली दावा लावला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा झाला. आज तिथे मिळकतीचा १५ टक्के भाग मुलासाठी राखून ठेवावा लागतो. भारतातल्या २०१७ च्या नियमांत किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगितलं आहे, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. करार करण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा आणि तासांची मर्यादा करारात लिहून घ्या. ही टक्केवारी किमान आहे, माझ्या मते खर्च वजा जाता सगळंच मुलाच्या खात्यात जावं. घरखर्च मुलाच्या मानधनावर चालू लागला की मूल "आज मला बरं नाही" हे म्हणूच शकत नाही.

पायरी १०: थांबायचं म्हणालं तर

एक दिवस मूल म्हणेल, "मला नाही जायचं." लगेच मान्यही करू नका आणि भाषणही देऊ नका. आधी शोधा: कला नको आहे, की तो वर्ग नको, तो शिक्षक नको, ती स्पर्धा नको? वहीतल्या नोंदी चाळा. उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. अचानक, एका विशिष्ट माणसाचं नाव निघताच नकार येत असेल, तर सहाव्या पायरीकडे परत जा आणि तोवर मुलाला तिथे पाठवू नका. तसं काही नसेल तर हातातला प्रयोग पूर्ण करून महिनाभराची सुट्टी ठरवा. त्या महिन्यात विषय काढायचा नाही. महिन्यानंतरही "नको" असेल, तर नको. फीचे पैसे, वाया गेलेली वर्षं, शेजारच्या मुलाची बक्षिसं, यातलं काही बोलून दाखवू नका.

आणि वाद्य किंवा घुंगरू लगेच कोणाला देऊन टाकू नका. घरात हाताला लागेल अशा जागी, झाकून, राहू द्या.